नाळेच्या रक्तातील इन्शुलिन
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'हॉर्मोन आणि ग्रंथी' असा. अलीकडे दोघी जणी बाजारात भेटल्या, की मेथीच्या जुडीचा भाव विचारावा तसे एकमेकींचे थायरॉईड विचारतात. वजन वाढले, केस गळले, राग आला, झोप लागेना. सगळ्याला उत्तर एकच, 'हॉर्मोनचे आहे.' तेव्हा विषय तुमच्या जिव्हाळ्याचा आहे ह्यात शंका नाही. पण शरीरातल्या साऱ्या ग्रंथींना एका तासात भेटायचे म्हणजे महालापासून धरमपेठेपर्यंत घरोघरी हळदीकुंकवाला जाऊन येण्यासारखे आहे. उंबऱ्याला पाय लागतात, बसणे कुठेच होत नाही. म्हणून मी आज एकाच घरी बसणार आहे. ते घर स्वादुपिंडाचे, आणि त्या घरची लक्ष्मी म्हणजे इन्शुलिन. हे घर निवडण्याचे कारण असे, की ह्या हॉर्मोनवरील संशोधनातला एक फार मोलाचा भाग आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झाला आहे. तो झाला बायकांच्या ताटांवरून, त्यांच्या डोक्यावरच्या हंड्यांवरून आणि त्यांच्या तान्ह्या बाळांवरून.

प्रथम थोडी ओळख करून देते. लाळेची किंवा घामाची ग्रंथी आपला रस नळीवाटे बाहेर टाकते. काही ग्रंथींना अशी नळीच नसते. त्या आपला रस थेट रक्तात सोडतात आणि रक्त तो रस दूरच्या अवयवापर्यंत नेऊन पोचवते. गळ्यातील अवटू ग्रंथी, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ह्या अशा बिननळीच्या. त्यांच्या रसाला 'हॉर्मोन' हे नाव इंग्लंडच्या स्टार्लिंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९०५ साली दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतवणारा, कामाला लावणारा असा आहे. आपला 'संप्रेरक' हा शब्द त्याच अर्थाने घडवलेला असून तो मला मूळ शब्दाहून गोड वाटतो. ह्या शास्त्राचे आपल्या नागपूरला वावडे नाही, हेही जाता जाता सांगते. नागपूर विद्यापीठात डॉ. निशिकांत सुभेदार व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मागूर माशाच्या मेंदूतील आणि पीयूष ग्रंथीतील अशा निरोप्या द्रव्यांवर वर्षानुवर्षे काम केले. ज्या माशाकडे आपण रस्सा म्हणून पाहतो त्याच्या डोक्यात कोणी इतके बारकाईने पाहिले, ह्याचे मला कौतुक वाटते.

स्वादुपिंड मात्र दुहेरी गृहस्थ आहे. जठराच्या मागे आडवे पडलेले हे पिंड नळीवाटे आतड्यात पाचकरस सोडते आणि त्याच वेळी रक्तात इन्शुलिनही सोडते. इन्शुलिन करणाऱ्या पेशींचे लहान लहान पुंजके त्यात बेटांसारखे विखुरलेले असतात. लांगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याला ते १८६९ साली सूक्ष्मदर्शकातून प्रथम दिसले. त्यांचे काम काय, हे त्याला माहीत नव्हते. वीस वर्षांनी, १८८९ साली, स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग ह्यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला. १९२१ साली कॅनडात टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी त्या पिंडातून तो रस वेगळा काढला. पुढील वर्षाच्या जानेवारीत लिओनार्ड टॉम्प्सन ह्या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला तो टोचण्यात आला आणि मुलगा वाचला. शोधाचे हक्क संशोधकांनी एकेका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. ही कथा तुम्ही पूर्वी ऐकली असेल, म्हणून मी तीवर रेंगाळत नाही.

ह्यानंतर सर्वांची समजूत अशी झाली, की मधुमेह म्हणजे इन्शुलिन संपणे. विहीर आटली, पाणी नाही. लहान मुलांच्या मधुमेहाबाबत ते खरेही आहे. पण मोठ्या माणसांच्या मधुमेहाचे काय? रक्तात इन्शुलिन किती आहे हे मोजल्याखेरीज ते कळणार कसे? रक्तात ते इतके सूक्ष्म असते, की रसायनशाळेच्या नेहमीच्या तराजूत ते येतच नाही.

ते मोजले एका बाईने. रोझलिन यालो तिचे नाव. न्यूयॉर्कच्या साध्या घरातली मुलगी. पदार्थविज्ञान शिकायची जिद्द, पण बाईला कोण घेणार म्हणून लघुलेखन शिकून कारकुनी करण्याची तिची तयारी चालली होती. पुढे १९४१ साली इलिनॉय विद्यापीठात जागा मिळाली, तेव्हा तिथल्या चारशे जणांच्या विभागात ती एकटी स्त्री होती. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सैनिकांच्या रुग्णालयात तिला प्रयोगशाळेसाठी जी खोली मिळाली ती झाडूवाल्याचे सामान ठेवण्याची होती. तिथे डॉ. सॉलोमन बर्सन ह्यांच्या जोडीने तिने एक युक्ती काढली. ती तुम्हाला पंगतीच्या भाषेत सांगते.

समजा, पंगतीत पन्नास पाट मांडले आहेत. तुमच्याकडे ओळखीचे पन्नास पाहुणे आहेत आणि प्रत्येकाच्या कपाळी ठसठशीत गंध लावले आहे. आता दारातून बिनगंधाचे पाहुणे किती आले ते तुम्हाला मोजायचे आहे, पण ते तुम्हाला दिसत नाहीत. तेव्हा सगळ्यांना एकदम आत सोडावे. जो आधी पोचेल तो पाटावर बसेल. मग गंध लावलेले किती जण उभे राहिले ते मोजावे. गंधवाले जितके अधिक उभे, तितके बिनगंधाचे अधिक बसले! ह्यातले पाट म्हणजे इन्शुलिनला पकडून ठेवणारी रक्तातील प्रतिद्रव्ये, गंध म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन, आणि बिनगंधाचे पाहुणे म्हणजे रोग्याच्या रक्तातले इन्शुलिन. हे काम १९५० च्या दशकात झाले. प्रतिद्रव्यांविषयीचा त्यांचा पहिला निबंध एका प्रतिष्ठित नियतकालिकाने साभार परत केला. यालोबाईंनी ते नकाराचे पत्र जपून ठेवले आणि १९७७ साली नोबेल पारितोषिक घेताना दिलेल्या व्याख्यानात ते सर्वांना दाखवले! बाईंचा हा स्वभाव मला फार आवडला. बर्सन त्यापूर्वीच, १९७२ साली, वारले होते.

ह्या मोजणीने समजूत उलटली. मोठ्या वयात मधुमेह झालेल्या पुष्कळ रोग्यांच्या रक्तात इन्शुलिन कमी नव्हते; उलट निरोगी माणसापेक्षा अधिक होते. विहिरीत पाणी होते, शेत पाणी पीत नव्हते. स्नायू आणि यकृत इन्शुलिनची हाक ऐकेनासे होतात. मग स्वादुपिंड अधिक मोठ्याने हाका मारते, अधिक इन्शुलिन सोडते. वर्षानुवर्षे ओरडून त्याचा घसा बसतो आणि रक्तातली साखर वाढते. ही बधिरता कोणाला येते? पाश्चात्य डॉक्टरांचे उत्तर ठरलेले होते: लठ्ठ माणसाला, उतारवयात.

आता पुण्याला येऊ. डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे ऑक्सफर्डला संशोधन करून पुण्यास परतले आणि तेथील के.ई.एम. रुग्णालयात मधुमेहाचे रोगी तपासू लागले. पुस्तकात लिहिलेला रोगी लठ्ठ आणि वयस्क. समोर बसलेला रोगी चाळिशीच्या आतबाहेरचा आणि अंगाने सडपातळ. एखादा असता तर अपवाद म्हणता आला असता; इथे रांगच होती. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र जरा पुढे, अशी ती अंगकाठी तुमच्या परिचयाची आहे. घरोघरच्या लग्नाच्या फोटोंत मागच्या रांगेत ती उभी असते. याज्ञिकांनी ह्याचा जो दाखला दिला तो मजेदार आहे. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि ते स्वतः असे दोघे शेजारी उभे राहिले. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. म्हणजे पुस्तकाप्रमाणे दोघेही उत्तम. मग यंत्राने अंगातली चरबी मोजली. युडकिन ह्यांच्या शरीरात ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! तो फोटो आणि ते आकडे 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकात २००४ साली छापून आले. वजनकाट्याला दोघे सारखे, पण एक स्नायूंचा बनलेला आणि दुसरा दिसायला बारीक, आतून स्निग्ध. स्नायू साखर खातात आणि पोटातली चरबी स्नायूंना बधिर करते, हे लक्षात घेतले म्हणजे सडपातळ माणसाला मधुमेह का, ह्याचा निम्मा उलगडा होतो.

इथे कोणी म्हणेल, की हे तर सुश्रुताला ठाऊक होते. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत हे खरे: एक सहज, म्हणजे आईबापांच्या बीजदोषाने जन्मासोबत आलेला, आणि दुसरा अपथ्याने ओढवून घेतलेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल, असेही तो सांगतो. त्याच्या निरीक्षणाला माझा नमस्कार. पण तेवढ्यावरून सारे काही आपल्याकडे आधीच होते असे म्हणून पदर झटकू नये. कृश मनुष्याला हा रोग जन्मासोबत येतो म्हणजे नेमके काय होते, हे शोधायला मोजमाप करणारी माणसे लागली.

त्या मोजमापाचा धागा इंग्लंडमधून येतो, आणि तोही बायकांच्या हातून. हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंच्या देखरेखीखाली सुइणी प्रत्येक बाळाचे जन्मतःचे वजन वहीत लिहीत. नंतर वर्षभर परिचारिका घरी जाऊन बाळ पाहात, अंगावर पिते की बाटलीवर ते टिपत, आणि वर्षाचे झाले की पुन्हा तोलत. सत्तर वर्षांनी त्या वह्या डॉ. डेव्हिड बार्कर ह्यांच्या हाती लागल्या. त्यांनी त्या बाळांचा, म्हणजे आता म्हाताऱ्या झालेल्या माणसांचा, शोध घेतला. जन्माला येताना जे हलके होते त्यांच्यात पुढे हृदयविकार आणि मधुमेह अधिक निघाला. सुईणबाईंच्या नेमाने लिहिलेल्या वह्यांतून एवढे मोठे शास्त्र निघाले. आपल्या मंडळाच्या हजेरीपुस्तकात जागा कोऱ्या सोडणाऱ्या भगिनींनी ह्याची नोंद घ्यावी.

बार्कर व त्यांच्या सहकारी डॉ. कॅरोलिन फॉल ह्यांच्याशी पुण्याचा संबंध जुळला. प्रथम के.ई.एम. मध्ये जन्मलेल्या आणि जन्मवजन माहीत असलेल्या चार वर्षांच्या मुलांना ग्लुकोज पाजून तपासले गेले. जी जन्मतः हलकी होती त्यांच्या रक्तात साखर आणि इन्शुलिन, दोन्ही अधिक निघाली. हा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. चार वर्षांचे मूल! त्याने कोणते अपथ्य केले होते?

तेव्हा जन्माच्याही मागे जाणे भाग होते. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू झाले. नुसत्या गरोदर बायका घेऊन भागणार नव्हते. दिवस राहण्यापूर्वीची बाई कशी होती हेही हवे होते. म्हणून लग्न झालेल्या तरुण बायकांची नोंद झाली. कार्यकर्त्या महिन्याच्या महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारीत. खेड्यात, सासूसमोर, हा प्रश्न दर महिन्याला विचारायचा आणि उत्तर मिळवायचे, ह्याला किती गोड जीभ लागली असेल ते तुम्हीच ठरवा. दिवस राहिले की ती काय खाते, किती खाते, किती काम करते, हे टिपायचे. शेवटी बाळ झाले की तीन दिवसांच्या आत त्याचे वजन, लांबी, डोके, दंड, पोट आणि कातडीखालची चरबी चिमट्याने मोजायची.

त्या आया कशा होत्या? सरासरी उंची पाच फूट, वजन बेचाळीस किलोच्या आसपास. रोजचे खाणे सतराशे-अठराशे उष्मांकांचे, बहुतेक भाकरीचे. आणि काम शेतातले, घरातले, पाण्याचे. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. इथवर कोणालाही अंदाज करता आला असता. नवल पुढेच आहे. पुण्याची बाळे सर्वत्र सारख्या प्रमाणात लहान नव्हती. दंड बारीक, पोटातले अवयव लहान, पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली घेतलेल्या चिमटीत चरबी मात्र जवळजवळ गोऱ्या बाळांइतकी. मघाच्या फोटोतले याज्ञिक आणि युडकिन इथे पाळण्यात दिसत होते.

आणि आता माझ्या व्याख्यानाच्या नावावर येते. बाळाची नाळ कापल्यावर नाळेत जे रक्त उरते ते तपासता येते. आईचे इन्शुलिन वारेतून पलीकडे जात नाही. आईची साखर तेवढी जाते. म्हणजे नाळेच्या रक्तात जे इन्शुलिन सापडेल ते बाळाने स्वतः केलेले. पुण्याच्या बाळांचे नाळेचे रक्त आणि लंडनच्या गोऱ्या बाळांचे नाळेचे रक्त ह्यांची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली. पुण्याची बाळे वजनाने कितीतरी कमी, आणि तरी त्यांच्या नाळेतले इन्शुलिन अधिक! अजून पहिला श्वास धड घेतला नाही, पहिला घोट घेतला नाही, आणि त्या इवल्या स्वादुपिंडाने मोठ्याने हाका मारायला सुरुवात केली होती. पन्नाशीत जो रोग आपण जिलेबीच्या माथी मारतो त्याचे पहिले पान इतके आधी लिहिलेले असते.

मग त्या आयांच्या ताटात उणे काय होते? सगळ्यांना वाटले उष्मांक आणि प्रथिने. आश्चर्य असे, की केवळ उष्मांक किंवा प्रथिने अधिक म्हणून बाळ मोठे झाले नाही. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार खात होत्या त्यांची बाळे मोठी होती. हे २००१ साली छापून आले. आपल्याकडे चिवळ, अंबाडी, मेथी, चवळीची पाने ह्यांना पाहुण्यांसमोर मांडायला आपण लाजतो, आणि संत्र्यांच्या ह्या गावात संत्रे पेटीने बाहेरगावी पाठवतो. दुसरी गोष्ट कामाची. जिने गरोदरपणाच्या पहिल्या व मधल्या महिन्यांत शेतातले आणि पाणी वाहण्याचे कष्ट अधिक उपसले तिचे बाळ त्या मानाने लहान निघाले.

तिसरी गोष्ट बी-१२ ह्या जीवनसत्त्वाची. त्या आयांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात ते कमी होते. आणि मुले सहा वर्षांची झाल्यावर दिसले, की ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर, त्या मुलांमध्ये इन्शुलिनची बधिरता सर्वांत अधिक होती. हा निष्कर्ष २००८ सालचा. इथे मला सावधगिरीचा शब्द सांगणे भाग आहे. हे ऐकून कोणी मुलीच्या किंवा सुनेच्या फोलिक अॅसिडच्या गोळ्या बंद करू नयेत. बाळाच्या पाठीचा कणा व मेंदू नीट घडण्यासाठी त्या गोळ्या लागतातच. ह्यातून घ्यायचे ते इतकेच, की बी-१२ कडेही पाहावे आणि त्यासाठी डॉक्टरांना विचारावे.

ती मुले पुढे मोठी झाली आणि संशोधकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. अठराव्या वर्षी सहाशेंवर मुलामुलींना पुन्हा तपासले. तो निबंध २०२१ साली आला. जवळजवळ निम्मी मुलेमुली वजनाने कमी, म्हणजे ज्यांना आपण 'काडीपैलवान' म्हणू अशी. आणि तरी मुलांपैकी ३७ टक्के व मुलींपैकी १८ टक्के ह्यांची साखर असावी त्याहून वर होती. खेड्यातली, चालणारी-धावणारी, अठरा वर्षांची. हा आकडा वाचला तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

आता ह्याला उपाय चांगले खाणे, एवढेच म्हणून थांबता आले असते तर बरे झाले असते. पण डॉ. आनंदवर्धन हार्डीकर, याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा उंदरांवरचा एक प्रयोग आहे, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेले उंदीर! त्यांची पिल्ले हलकी, पोटात चरबी, रक्तात इन्शुलिन जास्त, बी-१२ कमी. मग त्यांना दोन पिढ्या भरपूर खायला दिले. वजन वाढले, पण बधिरता गेली नाही. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे मान्य. तरीही १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दुष्काळांनी मध्यप्रांत-वऱ्हाडात माणसे कशी गळाली हे ज्यांनी आजीकडून ऐकले आहे त्यांना हा प्रयोग सहज हसण्यावारी नेता येणार नाही. अर्धपोटी राहिलेल्या पणजीच्या पणतीपुढे एकदम श्रीखंडाची वाटी आली. तिच्या शरीराला त्या वाटीची सवयच नव्हती.

एका गोष्टीची मला धास्ती वाटते आणि ती इथे, आपल्या माणसांत, बोललीच पाहिजे. असले शास्त्र घरी पोचले की त्याचा अर्थ 'आईने नीट खाल्ले नाही म्हणून नातवाला साखर झाली' असा व्हायला वेळ लागत नाही. मुलगी झाली तरी बाईचा दोष, मूल नाही झाले तरी बाईचा दोष; त्यात आता ही भर नको. त्या सहा गावांतल्या बायकांनी कमी खाल्ले ते हट्टाने नव्हे. सर्वांचे झाल्यावर बसायचे, उरलेल्यात भागवायचे, दूध आधी पुरुषांच्या चहाला, मग मुलांना, आणि पातेले विसळून उरेल ते आपल्याला, ही रीत तिच्या पोटी मूल येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. शिवाय बेचाळीस किलोची आई ही नऊ महिन्यांत घडलेली नसते. तिच्या स्वतःच्या जन्मापासून, भावाआधी की भावानंतर वाढले ह्या हिशेबापासून ती घडत आलेली असते.

हे ओळखूनच पुण्याच्या मंडळींनी २०१२ साली पुढचा प्रयोग सुरू केला. त्याच सहा गावांतली ती मुलेमुली तोवर सोळा-सतरा-अठराची झाली होती. त्यांना लग्नाच्या, बाळाच्या आधीच बी-१२ ची गोळी रोज द्यायची. मात्रा किती? दोन मायक्रोग्रॅम, एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन. मुलांनाही दिली, हे मला विशेष वाटले. पुढे त्या मुलींना मुले झाली आणि दोन-तीन वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा बी-१२ घेतलेल्या आयांची मुले समज आणि बोलणे ह्या कसोट्यांत पुढे दिसली. त्यांच्या इन्शुलिनचे काय होते हे ती मोठी झाल्यावरच कळेल. हे संशोधन घाईचे नाही.

व्याख्यानानंतर भगिनींनी प्रश्न विचारले. त्यांतले काही, उत्तरांसह, स्मरणिकेसाठी लिहून देत आहे.

एका भगिनीने विचारले, बी-१२ कोणत्या भाजीत असते? कोणत्याच भाजीत नसते. ते दुधादह्यात असते. अंडी, मासळी आणि मटणात असते. आपल्या सावजी रश्शाची मंडळी ह्या बाबतीत निश्चिंत, निदान ह्या बाबतीत तरी. शाकाहारी घरात मात्र दुधाची वाटणी कशी होते हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बाहेरचे कोणी देणार नाही.

दुसरा प्रश्न उपासाचा. उपास ही श्रद्धेची बाब असल्याने मी त्यात पडत नाही. पण उपासाच्या नावाखाली साबूदाणा आणि बटाटा खाल्ला तर तो स्वादुपिंडाचा उपास नव्हे, एवढे खरे. गरोदर मुलीने निराहार राहू नये, आणि तिला ते सासूनेच सांगावे; आईने सांगितले तर ते माहेरचे लाड होतात.

तिसरा प्रश्न एका आजींचा: आमचे वय झाले, आमचे वजन कमीच आहे, आम्ही काय करावे? सडपातळ आहोत म्हणून साखर तपासायची राहू देऊ नये. जेवल्यावर थोडे चालावे; चालणारा स्नायू रक्तातील साखर उचलतो, मग इन्शुलिनला तितके ओरडावे लागत नाही. आणि वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरावी. आपल्याकडच्या बायकांचा कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे डॉक्टर सांगतात. मी टेप आणली आहे, ती आतल्या खोलीत पेटीजवळ ठेवली आहे. चहा होईपर्यंत ज्यांना माप घ्यायचे असेल त्यांनी यावे. पुरुषमंडळींनीही संकोच करू नये. त्यांची मर्यादा ९० आहे.